तिसरं बूच

५ नोव्हेंबर २०२३

बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये पल्प विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. शिफ्ट संपली की नोंदवहीत लिहायचं: काम काय झालं, बिघाड काय, उपाय काय केला. निवृत्त होऊन गावी आलो त्याला दीड वर्ष झालं, पण लिहायची सवय सुटत नाही. आता लिहायला कारणही मिळालं. काल मला तलाव समितीचा अध्यक्ष केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं असं रंभा म्हणते. बायकोनं असं बोलू नये.

तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, बहात्तर एकर. गाव तालुक्याचं झालं, मग नगरपंचायत झाली. पाळीमागे, म्हणजे तलावाच्या बांधामागे, धानाची शेतं होती तिथे प्लॉट पडले आणि तलाव घरांच्या मधोमध आला. दोन वर्षांपूर्वी नगरपंचायतीनं तो पक्ष्यांसाठी राखीव ठेवायचा ठराव केला. पण ठरावाला शेपूट आहे. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरातल्या गणतीत पक्षी परतलेले दिसले नाहीत, तर राखीव क्षेत्र रद्द आणि त्या जागी बोटी, रंगीत कारंजं आणि खाऊची चौपाटी. नकाशा मी पाहिला. कारंज्याभोवती सिमेंटचे बगळे काढले आहेत. हे मी होऊ देणार नाही.

काम: तलावाची पाहणी. बिघाड: जलपर्णी, बेशरमाची झुडपं आणि तुडुमातून गळती. तुडुम म्हणजे पाणी सोडायची जुनी सोय. पाळीच्या आतल्या बाजूला दगडी पायऱ्या, एकेका पायरीला भोक आणि भोकात लाकडी बूच. सगळ्यात वरच्या बुचातून पाणी झिरपतं आहे. मिलमध्ये गळतीसारखं पाप नाही.

उपाय: उद्या सिमेंट.

६ नोव्हेंबर

सिमेंट मी स्वतः लावलं. गवंड्याचा भरवसा नाही. रंभा पाळीवर उभी होती. म्हणाली, "मामाजी असते तं..." आणि पुढे बोललीच नाही. मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे वडील. काय म्हणायचं होतं विचारलं, तर म्हणाली, "काई नाई. घरी चला, भाजी थंडी होऊन राह्यली."

घाटाच्या दगडावर पांढऱ्या रंगानं फूट आणि इंच काढले. आजची पातळी अकरा फूट दोन इंच. रोज सकाळी सातला मोजणार.

७ डिसेंबर

महिना झाला, पाणी फक्त दोन इंच उतरलं. या दिवसांत तलाव एवढा भरलेला गावानं कधी पाहिला नसेल. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून पट्टी दाखवतो.

आज धिवर बायांच्या गटाची धुरपताबाई भेटायला आली. रविवारच्या बाजारात मासे विकते, आवाज तसाच. म्हणाली, "सोमाजी भाऊ, पानी उतरू द्या. काठचा गाळ उघडा पडल्याबिगर देवधान कसं रुजन? देवधान नाई तं पाखरं खातीन काय?" देवधान म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी धान. लहानपणी काठाला दिसायचं.

मी म्हटलं, "बाई, पाणपक्ष्यांना पाणी लागतं. तलाव रिकामा करून पक्षी आणायचे, हे कोणतं शास्त्र?"

"तुमचे बाबा पानकर होते भाऊ. त्यायले इचारलं असतं कधी."

हे मला लागलं. बाबा गावाचे पानकर होते, म्हणजे तुडुमाचं बूच काढून शेताशेताला पाणी वाटणारे. गळ्याइतक्या पाण्यात उतरायचे आणि लंगोटीवर, थरथरत, सगळ्या गावादेखत वर यायचे. शाळेतली पोरं हसायची. मी तेव्हाच ठरवलं होतं की बूट घालून करायचं काम शोधायचं, आणि शोधलं. बाबांनी ते काम मला शिकवलं नाही. बरंच झालं.

धुरपताबाईला चहा दिला आणि वाटेला लावलं. रंभा तिला फाटकापर्यंत सोडायला गेली ती अर्ध्या तासानं आली.

२४ डिसेंबर

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दिव्यानी मॅडम दुर्बीण घेऊन आल्या. गणती त्याच करतात आणि त्यांचाच अहवाल नगरपंचायतीला जातो. दोन तास फिरल्या. एकूण पक्षी एक्केचाळीस, त्यात सतरा पाणकावळे. अडई बदकं नाहीत, कमळपक्षी नाही.

"पाणी तर भरपूर आहे," मी म्हटलं.

"हो, भरपूर आहे," त्या म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. "एक वर्ष आहे सोमाजीभाऊ. फार नाही."

जेवण गेलं नाही. रंभानं ताट उचललं.

११ जानेवारी २०२४

पातळी एका आठवड्यात चार इंच उतरली.

सिमेंट तपासलं, जसंच्या तसं आहे. ऊनही फार नाही. मग पाणी जातं कुठे? कोणीतरी मोटर लावत असणार. वीटभट्टीवाल्यांवर माझा संशय आहे. उद्यापासून पाळीवर खुर्ची टाकून बसणार.

रंभा अलीकडे दर गुरुवारी बचत गटाच्या बैठकीला जाते. येते तेव्हा लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला असतो. बैठक आहे की नांगरणी, विचारलं. म्हणाली, "समाज मंदिराच्या अंगनात नळ फुटला हाये." नगरपंचायतीला कळवलं पाहिजे. गळती ती गळतीच.

२९ जानेवारी

अठरा दिवस पाळीवर बसलो, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. मोटर दिसली नाही, पाइप दिसला नाही, टँकर दिसला नाही. गुरुवारी दुपारी जेवायला तेवढा घरी जातो. रंभा त्या दिवशी मुद्दाम वडाभात करते आणि वरून लवंडायलाही सांगते. मी या वयात कष्ट करतो हे तिला दिसतं तर.

पातळी नऊ फूट सहा इंच.

८ फेब्रुवारी

आज वीटभट्टीवर जाऊन भांडून आलो. मालकानं मला स्वतःची बोअर दाखवली, चहा पाजला आणि वर माफीही मागितली, कशाची ते त्यालाही माहीत नव्हतं. मलाच लाजल्यासारखं झालं.

परतताना प्लॉटच्या पलीकडून आलो. तिथे म्हातारा मुखरू अजून चार बांध्या शेती धरून आहे. बाबांच्या बरोबरीचा माणूस. त्याचं उन्हाळी धान हिरवंगार उभं आहे, बांध्यांत पाणी चमकतं आहे.

"बोअर चांगली लागली मुखरूभाऊ," मी म्हटलं.

तो बिडी ओढत माझ्याकडे बघत राहिला. "होय बापा," म्हणाला. "लय जुनी बोअर हाये. तुया बाच्या हातची."

म्हातारपणी माणसाच्या डोक्यात सगळी सरमिसळ होते. बाबांनी जन्मात बोअर मारली नाही.

२२ फेब्रुवारी

ठरलं. हे काम धिवरांचंच. पाणी कमी झालं की मासे पकडायला सोपे, त्यांच्याशिवाय फायदा कोणाचा? पाणी कसं नेतात ते कळत नाही, पण नेतात. आज समितीच्या नावानं पाटी लावली: धुरपताबाईच्या गटाला तलावात उतरायला बंदी.

२५ फेब्रुवारी

तीन दिवस वरणात मीठ नाही. पहिल्या दिवशी चूक समजलो.

"मीठ संपलं काय?" आज विचारलं.

"हाये ना, डब्यात. तुमच्या तलावावानी. भरलेलं हाये, कोनाच्या कामाचं नाई."

मी कारण विचारलं, तर म्हणाली, "धुरपताच्या तीन पिढ्या त्या पान्यावर जगल्या. तुमची तिची पंधरा दिवसाची पुरी ओळख नाई, अन् चोर म्हनता काऊन?"

तिचा हिशोब चुकीचा आहे, पण संध्याकाळी पाटी काढली. घरात शांतता हवी म्हणून, दुसरं कारण नाही.

२० मार्च

पाच फूट एक इंच. काठापासून शंभर पावलं आत गाळ उघडा पडला आहे आणि भेगाळतो आहे. लोक पट्टीकडे बघतात आणि माझ्याकडे बघतात. एकानं विचारलं, "अध्यक्षसाहेब, बोटी आता गाळात चालवनार काय?"

राजीनामा लिहिला. एकतीस वर्षांत एका टाकीची गळती सापडली नाही असं झालं नव्हतं. मी हरलो असं लिहायला हात धजत नाही, पण नोंदवहीत खोटं लिहायची सवयही नाही.

रंभानं कागद वाचला, घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवला. "दिवाळीपर्यंत थांबा जरा," म्हणाली. "मंग द्या."

"दिवाळीला काय होणार आहे?"

"मले का मालूम? मी का अध्यक्ष हाय?"

१७ एप्रिल

एक चांगली गोष्ट. जलपर्णी मेली. गाळावर आडवी पडून वाळली, पापडासारखी मोडते. फेब्रुवारीत मी घाटाजवळ मिठाचं पाणी फवारलं होतं, दहा पावलांच्या पट्ट्यात. त्याचा परिणाम बहात्तर एकरांवर झाला असावा.

धुरपताबाईच्या गटाच्या तीसेक बाया रोज सकाळी उघड्या गाळातली बेशरमाची झुडपं मुळापासून खणतात, सुकी जलपर्णी उचलून नेतात. सरपणासाठी असणार. मी परवानगी दिली. मन मोठं ठेवावं माणसानं. पाळीवरून त्यांच्यात हिरव्या लुगड्याची एक बाई दिसली, पाठमोरी, अगदी रंभासारखं चालणारी. चष्म्याचा नंबर बदलायला झाला.

२ जून

बाया अजून गाळातच आहेत. टोपल्यांतून कसली तरी मुळं आणि कांदे आणून लावतात, बी फेकतात. विचारलं तर धुरपताबाई म्हणाली, "आमच्या माहेरच्या तलावातलं हाये भाऊ. पोरीसंगं सासरी धाडलं." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

१८ ऑगस्ट

पावसाळ्यात काही लिहिलं नाही. उतरलेला तलाव बघून मन उडालं होतं, नंतर तो भरला तरी घाटावर पाय वळत नव्हता. आज रंभानं हाताला धरून नेलं. "चला, तुमची पट्टी पाहा तं किती झाली."

पट्टी बघायची राहूनच गेली.

पाणी दिसतच नव्हतं, एवढी पानं. गोल पानं, लांब पानं, पांढरी फुलं आणि काठानं कमरेइतकं देवधान, वाऱ्यानं वाकणारं. मी ते पन्नास वर्षांनी पाहिलं. पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी चालत होता, मागे चार पिल्लं, लिंबाएवढी. आमची चाहूल लागली तसा तो खाली बसला, पिल्लं पंखाखाली घेतली आणि उठून चालू लागला. पंखाखालून पिल्लांचे पायच तेवढे लोंबत होते.

रंभा म्हणाली, "हा बाप हाये. यांच्यात आई अंडी देऊन जाते, पोरं बापच पोसते. मामाजीनं दाखवलं होतं."

"बाबांनी? तुला? कधी?"

"तुमी बल्लारपूरले होता. क्वार्टर भेटाले सात वर्षं लागले ना. मी इथीच होतो त्यायच्याजवळ."

मला फार अभिमान वाटला. शेवटी माझी मेहनत फळाला आली. राजीनामा साखरेच्या डब्याखालून काढून फाडला.

२२ डिसेंबर

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

दिव्यानी मॅडम पहाटेच आल्या. सोबत नगरपंचायतीचे चार जण आणि निम्मं गाव. गणती पाच तास चालली. एकूण पक्षी एक हजार आठशे सव्वीस. प्रकार त्रेसष्ट. अडई बदकं चारशेच्या वर, ती उडाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा मोजावी लागली. मॅडमनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की त्यांच्या मते आता हा तलाव राखीव राहायलाच हवा. मग माझ्याकडे वळल्या.

"सोमाजीभाऊ, गेल्या वर्षी मला बोलायची हिंमत झाली नाही, तुम्ही इतके खूश होता भरलेल्या तलावावर. मग तुम्हीच तुडुम उघडून पाणी उतरवलं. गाळ वाळला, जलपर्णी मेली, देवधान रुजलं. अध्यक्ष असून गावाची नाराजी पत्करायची, हे सोपं नव्हतं. कसं सुचलं तुम्हाला?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. कोणी विचारणार नाही, पण वहीत लिहितो.

पाळीवर मुखरू बसला होता. तो हसायला लागला, खोकला, पुन्हा हसला. "सोमा," म्हणाला, "तुया बायकोले इचार. काखेत कळसा अन् गावाले वळसा."

सगळे वळले. रंभानं पदर दातात धरला होता. शेजारी धुरपताबाई, तीही खाली बघत होती.

मग सगळं बाहेर आलं. तुडुमाला बुचं तीन आहेत. मी वरच्यालाच सिमेंट फासलं. मधलं कधीचं गाळात गच्च बसलं आहे. तिसरं खोल पाण्यात, ते माहीत असणारी माणसं गावात दोनच उरली होती: मुखरू आणि रंभा. नव्या नवरीला घेऊन बाबा तुडुमावर जायचे. ती कोरडं धोतर धरून पाळीवर उभी राहायची आणि ते पाण्यातून सांगायचे, आता हे बूच, आता ते, किती दिवसांनी, कोणत्या बाजूनं. जानेवारीत रंभानं वरून सांगितलं आणि धुरपताबाईनं बुडी मारून ते काढलं. गुरुवारी दुपारी, मी वडाभात खाऊन लवंडलो असताना. नंतरचे गुरुवारही तिथेच गेले, तुडुमाचं पाणी पाळीखालून बाहेर नेणाऱ्या मोरीच्या तोंडाचा गाळ उपसण्यात. पावसाच्या तोंडावर दोघींनी बूच परत बसवलं, म्हणून तलाव भरला. मोरी प्लॉटच्या रस्त्याखाली बुजली असं सगळे समजत होते. ती मुखरूच्या बांधीत निघते.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी तिसऱ्यालेही सिमेंट लावलं असतं," रंभा म्हणाली.

२४ डिसेंबर

दीड दिवस रंभाशी बोललो नाही. तिनं वरणात मीठ व्यवस्थित घातलं होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

आज दुपारी ही वही सुरुवातीपासून वाचली. वीटभट्टी, मुखरूची बोअर, चष्म्याचा नंबर. वाचता वाचता मला हसू यायला लागलं आणि मग हसू थांबलं. बाबांनी मला काम शिकवलं नाही असं आयुष्यभर म्हणत आलो. त्यांना शिकवायचं होतं. मी समोर नव्हतो, म्हणून जी समोर उभी राहिली तिला शिकवलं. आणि तिनं ते तीस वर्षं जपलं, बल्लारपूरच्या क्वार्टरमध्येसुद्धा, जिथे तलाव नव्हता.

वही बंद करून स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "मान हलवली ती चूक झाली."

"मले दिसली होती," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

१० जानेवारी २०२५

नगरपंचायतीची सभा. तलाव कायमचा राखीव, ठरावाला शेपूट नाही. माझ्यासाठी शाल आणली होती. मी ती घेतली नाही. भाषणाऐवजी ही वही उघडली आणि गेल्या ११ जानेवारीपासूनची पानं वाचून दाखवली. सभागृह हसून हसून वाकलं. शेवटी सांगितलं की पाण्याचा चोर माझ्या घरात राहतो, आणि पानकरकी आमच्या घराण्यात सुनेकडे गेली आहे. शाल रंभाला आणि धुरपताबाईला, एकच होती म्हणून दोघींच्या खांद्यांवर मिळून घातली. मिलमध्ये मला उत्कृष्ट फोरमनचं पदक मिळालं होतं. त्या दिवशी एवढी छाती फुगली नव्हती.

१५ जानेवारी

छिन्नी हातोडी घेऊन सिमेंट फोडलं. गच्च बसलं होतं. काम मी पक्कंच करतो. फोडायला तीन तास लागले. पहिलं बूच काढलं. मधलं धुरपताबाईनं गाळ उपसून मोकळं केलं आहे, ते पुढच्या महिन्यात. तिसरं आत्ताच काढतो म्हटलं, तर रंभा म्हणाली, "होळी झाल्यावर. मामाजी घाई नव्हते करत."

१६ मार्च

होळी झाली.

आज सकाळी मी बूट काढले, कपडे काढून रंभाजवळ दिले आणि चड्डीवर तुडुमाच्या पायऱ्या उतरलो. त्रेसष्ट वर्षांचा निवृत्त फोरमन. पाळीवर शाळेची पोरं उभी होती, त्यातली काही हसली. पाणी गळ्यापर्यंत आलं आणि दात वाजायला लागले. पायानं चाचपलं, बूच लागेना.

"डावीकडं सरका," रंभा वरून म्हणाली. "अजून. आता खाली वाका. बुचाले डाव्या अंगानं खाच हाये, मामाजीनं कोरलेली. बोटं घाला तिच्यात."

नाक धरून खाली गेलो. खाच सापडली. चार बोटं तिच्यात बरोबर बसली, माझ्या मापाची असल्यासारखी. ओढलं. पहिल्यांदा हाललं नाही, दुसऱ्यांदा आलं, आणि पाणी हाताजवळून खेचलं जाताना कळलं.

थरथरत वर आलो, सगळ्या गावादेखत. रंभानं कोरडं धोतर पुढे केलं.

काम: तिसरं बूच काढलं. काढणारा मी, सांगणारी रंभा.

बिघाड: नाही.

गळती: चालू आहे.